विरघळतं ते जातं कुठे?

झूटरमेर हे हेगच्या पूर्वेचं, सव्वा लाख वस्तीचं डच शहर. नावात गोड्या पाण्याचं सरोवर आहे. ते सरोवर मात्र १६१४ च्या सुमारास उपसून कोरडं केलं गेलं आणि त्याच्या तळाची आता कुरणं झाली आहेत. इथल्या मराठी घरात एका जेवणात तीन भाषा होतात, त्यामुळे ‘डिझॉल्व्ह’ हे एकच इंग्रजी क्रियापद किती ठिकाणी कामाला येतं ते पटकन ध्यानात येतं. औषधाची गोळी पाण्यात डिझॉल्व्ह होते, संसद डिझॉल्व्ह होते, भागीदारी, लग्न, कंपनी, धुकं, राग, सिनेमातलं एखादं दृश्य आणि भाद्रपदात घरची गणपतीची मूर्ती, या सगळ्यांना इंग्रजीत हाच शब्द चालतो. मराठीत आणि डचमध्ये तो असा सगळीकडे चालत नाही.

हे नुसतं शब्दकोशाचं काम असतं तर दोन परिच्छेदांत आटोपलं असतं. पण या क्रियापदाच्या प्रत्येक वापराखाली एक व्यवहारी प्रश्न दडलेला असतो: विरघळलं ते गेलं कुठे, आणि आता त्याचा भार कोण वाहतो आहे? डोळ्यांना दिसेनासं झालं की संपलं, असं आपण फार लवकर धरून चालतो. त्याची किंमत कधी नदी मोजते, कधी सावकार, कधी नागरिक.

आधी भाषेचं पाहू. ‘डिझॉल्व्ह’च्या मुळाशी लॅटिनमधलं सोडवण्याचं, सैल करण्याचं क्रियापद आहे. प्रश्न सोडवणं आणि पाण्यात विरघळणं हे दोन्ही अर्थ त्यातूनच निघाले, म्हणून डचमध्ये साखर विरघळते त्याच क्रियापदानं, ओप्लोसननं, गणितही सुटतं. संसद, कंपनी आणि लग्न यांना मात्र डच माणूस वेगळं क्रियापद वापरतो: ओंटबिंडन, म्हणजे बांधलेलं सोडणं. मराठीचीही वाटणी साधारण अशीच आहे. साखर विरघळते, विधानसभा विसर्जित होते, समिती बरखास्त होते, संस्थान विलीन होतं, धुकं विरतं, लग्न मोडतं. बरखास्त हा शब्द फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ उठणं, म्हणजे सभा उठली. जुन्या सोडचिठ्ठीतही सोडणंच आहे. शाळेच्या पुस्तकात वितळणं आणि विरघळणं वेगळं शिकवतात, घरात तितकी काटेकोर विभागणी नसते. बर्फ दोन्ही करतो, गूळ पाघळतो, आणि पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं. हवेतली वाफ ओढून घेऊन त्यातच विरघळू लागणाऱ्या मिठाचं याहून नेमकं वर्णन मला कुठल्या भाषेत सापडलेलं नाही.

इंग्रजी क्रियापदाची आणखी एक खोड लक्षात घेण्याजोगी आहे. मी साखर डिझॉल्व्ह करतो आणि साखर डिझॉल्व्ह होते, दोन्हीकडे रूप तेच. मराठीला होणं की करणं ते ठरवावं लागतं: विरघळणं की विरघळवणं, बरखास्त झाली की बरखास्त केली. साखरेच्या बाबतीत हा फरक किरकोळ आहे. विधानसभेच्या बाबतीत तो किरकोळ नाही, कारण तिथे ‘केली’ म्हटलं की पुढचा प्रश्न ‘कोणी?’ असाच येतो. ही मराठीची शिस्त आहे आणि बातमी लिहिताना ती सोडू नये असं मला वाटतं.

आता मूळ अर्थ, पाण्यातला. झूटरमेरहून रॉटरडॅम जवळच आहे; याकोबस हेन्रिकस व्हान्ट हॉफ तिथे १८५२ साली जन्मला. १९०१ साली रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल पारितोषिक त्याला मिळालं, आणि ज्या कामासाठी ते मिळालं त्यात द्रावणांमधला परासरण दाब हा मोठा भाग होता. वनस्पतिशास्त्रज्ञ प्फेफर यानं साखरेच्या द्रावणाचा दाब मोजून ठेवला होता. ते आकडे व्हान्ट हॉफच्या हाती आले तेव्हा त्याला दिसलं की पाण्यात विरघळलेली साखर जणू तेवढ्याच जागेत कोंडलेल्या वायूसारखी वागते. तिचे रेणू सुटे होऊन धावत असतात, आणि पाण्याला आरपार जाऊ देणारा पण साखरेला अडवणारा पडदा मध्ये घातला तर त्यावर त्यांचा दाब पडतो. किती रेणू विरघळले आणि तापमान किती, यावरून तो दाब काढता येतो. मीठ या हिशेबात बसेना, ते जास्त दाब दाखवत होतं. आऱ्हेनियसनं १८८७ साली त्याचं कारण दिलं: मीठ पाण्यात नुसतं विखुरत नाही, त्याचे विद्युतभारित आयन होतात, म्हणून मोजायला कण जास्त मिळतात.

मला या शोधातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही वाटते की न दिसणारी साखर मोजता येते. ती ढकलते, गोठणबिंदू खाली आणते, उत्कलनबिंदू वर नेते. आणि विरघळण्याला मर्यादा आहे. २५ अंशांना १०० मिलिलिटर पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ मावतं. पाणी उकळीला आणलं तरी ते जेमतेम ३९ पर्यंत जातं. साखर मात्र त्याच पाण्यात २०० ग्रॅमच्या आसपास सामावते आणि गरम केलं की कितीतरी अधिक, म्हणूनच पाक होतो. जिप्सम लिटरभर पाण्यात दोन-अडीच ग्रॅमच विरघळतं, आणि खडू तर शुद्ध पाण्यात लिटरला काही मिलिग्रॅम. गणपतीच्या मूर्तीचा सगळा वाद या शेवटच्या दोन आकड्यांपाशी येऊन थांबतो.

त्याआधी मीठ. कोकणात, वसईपासून उरणपर्यंतच्या मिठागरांत, समुद्राचं पाणी आगरात घेऊन उन्हावर सोडतात. पाणी उडून जातं, मीठ उरतं आणि आगरी माणूस ते ओढून ढीग लावतो. हे विरघळण्याचं उलट टोक. नेदरलँड्सला इतकं ऊन नाही. तिथे पूर्वेकडच्या ट्वेंटे भागात, बुकेलोला १९१८ साली आणि पुढे हेंगेलोला, जमिनीखालच्या मिठाच्या थरात पाणी सोडून खारं पाणी वर काढायची पद्धत बसली. मीठ वर येतं आणि खाली पोकळी राहते. या पोकळ्यांवर आजही लक्ष ठेवावं लागतं, कारण वरची जमीन खचू शकते. त्या भागात विरघळण्याच्या प्रश्नाचं उत्तर अक्षरशः पायाखाली आहे.

झूटरमेरच्या नळाचं पाणीही याच हिशेबातून येतं. डुनेया ही पाणी कंपनी मास नदीच्या जुन्या प्रवाहातून पाणी घेते आणि समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांत जिरवते. तिथून ते महिना-दोन महिन्यांनी वर काढून शुद्ध करतात. त्यात विरघळलेला चुना कमी करण्यासाठी मृदूकरण होतं. मोठ्या उभ्या टाक्यांत पाण्यात थोडा कॉस्टिक सोडा सोडला की बारीक कणांवर खडूचे थर बसत जातात आणि शेवटी हातात घेता येण्याजोग्या गोळ्या होतात. पाण्यात दिसत नव्हतं ते परत घन झालं.

इथेच पीटबद्दल एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण पश्चिम नेदरलँड्समध्ये अनेकजण ‘जमीन विरघळतेय’ अशा अर्थाचं काहीतरी बोलतात. झूटरमेरच्या आसपासच्या पट्ट्यात शतकानुशतकं साठलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे थर आहेत, तेच पीट. त्यांचा मोठा भाग पूर्वी जळण म्हणून काढून नेला. उरलेल्यातलं पाणी शेतीसाठी खाली ठेवलं की थरात हवा शिरते आणि पीट कुजतं. म्हणजे तो एक फार संथ ज्वलनाचा प्रकार आहे. जमीन वर्षाला काही मिलिमीटरांपासून सेंटिमीटरभर खाली जाते आणि तिचा कर्ब कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. २०१९ च्या डच हवामान कराराने या कुरणांचं उत्सर्जन २०३० पर्यंत दहा लाख टनांनी घटवायचं ठरवलं. ही जमीन पाण्यात गेलेली नाही. ती हवेत गेली आहे, आणि तिचं वजन आता साऱ्या जगावर आहे.

गणपतीकडे यायला मला इतका वेळ लागला, पण या आढाव्यातला सर्वांत मोठा भाग हाच. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे तापवून पाण्याचा अंश कमी केलेलं जिप्सम. त्यात पाणी घातलं की ते पुन्हा जिप्सम बनतं आणि घट्ट होतं. साच्यात ओतायला सोपं, वजनाला हलकं, स्वस्त, लवकर वाळणारं. पेणच्या कारखान्यांपासून मुंबईच्या मंडपांपर्यंत ते पसरलं यात नवल नाही. मात्र घट्ट झालेलं जिप्सम पाण्यात टाकलं तर ते लिटरला दोन-अडीच ग्रॅमनंच विरघळणार. पाच किलोची मूर्ती पुरती विरघळायला हिशेबाने सुमारे दोन हजार लिटर स्वच्छ पाणी हवं, तेही ढवळत राहून आणि बराच काळ. साचलेल्या तलावात किंवा उथळ घाटावर असं होत नाही. मग दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर हात, सोंड, मुकुट दिसतात आणि ज्यांनी दहा दिवस पूजा केली त्यांच्याच मनाला चटका बसतो.

शाडूच्या मूर्तीबद्दलही नेमकं बोलायला हवं. शाडू विरघळत नाही. मातीचे कण पाण्यात सुटे होतात, पाणी गढूळ होतं आणि हळूहळू माती तळाशी बसते. त्या मातीचा पुन्हा गोळा करून पुढच्या वर्षी मूर्ती करता येते, झाडांना घालता येते. म्हणजे शाडूचं मोठेपण विरघळण्यात नाही, परत हाती येण्यात आहे. हेग आणि झूटरमेरच्या मराठी घरांतून बादलीत विसर्जन करतात, तेव्हा हे लहान मुलांनाही दिसतं. संध्याकाळी बाप्पा, सकाळी तळाशी गाळ, आणि तो गाळ गॅलरीतल्या कुंडीत.

प्लास्टरच्या मूर्तीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने एक वाट काढली. अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात मूर्ती ठेवली की जिप्सम बदलतं. खडूचा गाळ आणि अमोनियम सल्फेट होतं, आणि अमोनियम सल्फेट हे खत म्हणून वापरता येतं. पुणे महापालिकेने ही पावडर गणेशोत्सवात लोकांना वाटली. लोक म्हणतात, ‘मूर्ती विरघळली’. खरं तर ती विरघळत नाही, तिची दुसरीच दोन द्रव्यं होतात. रेणूंच्या हिशेबाने मूर्तीच्या वजनाला साधारण तितकीच पावडर लागते, म्हणून मोठ्या मूर्तीला ही रीत परवडत नाही. घरगुती मूर्तीला मात्र ती उत्तम आहे, आणि तिचा प्रसार जितका व्हायला हवा होता तितका झालेला नाही याची मला खंत वाटते.

कायद्याची गाडी हळू चालली आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने १२ मे २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली. माघी गणपतीच्या तोंडावर, जानेवारी २०२५ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने ती काटेकोर पाळा असं सांगितलं. जूनमध्ये मूर्ती घडवायला मोकळीक दिली, पण परवानगीविना नैसर्गिक पाण्यात विसर्जन नको अशी अट राहिली. जुलैत सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करा, असा आदेश आला. मूर्तिकारांच्या पोटाचा प्रश्न खरा आहे आणि नदीचाही खरा आहे. मला वाटतं, कृत्रिम तलाव हा मधला थांबा ठरावा. त्या तलावांतला गाळ उपसून कुठे नेला जातो हे दरवर्षी जाहीर झालं तरच त्या आदेशाला अर्थ राहील.

सभागृहाचं विसर्जन हा या क्रियापदाचा दुसरा मोठा मुलूख, आणि इथे देशादेशांत मोलाचा फरक आहे. भारतात लोकसभा विसर्जित झाली की तिचे सदस्य त्या क्षणापासून सदस्य नसतात. तिथे प्रलंबित असलेली विधेयकं बाद होतात. राज्यसभेतच प्रलंबित असलेली आणि लोकसभेने अजून मंजूर न केलेली विधेयकं मात्र जिवंत राहतात, कारण राज्यसभा कधी विसर्जित होत नाही. डच राज्यघटनेच्या ६४ व्या कलमानुसार विसर्जनाच्या आदेशातच नव्या निवडणुकीचाही आदेश असावा लागतो, नवं सभागृह तीन महिन्यांत भरावं लागतं आणि जुन्याचं विसर्जन नवं भरेल त्या दिवशीच अमलात येतं. जून २०२५ मध्ये डच मंत्रिमंडळ पडलं, २९ ऑक्टोबरला निवडणूक झाली, आणि त्या सगळ्या काळात जुनं कनिष्ठ सभागृह काम करत राहिलं. मधे एकही दिवस लोकप्रतिनिधींची खुर्ची रिकामी नाही, ही व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटते.

महाराष्ट्राने दुसरी बाजू पाहिली आहे. १७ फेब्रुवारी १९८० रोजी शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार गेलं आणि विधानसभा विसर्जित केली गेली. त्याच दिवशी इतर आठ राज्यांतही तेच झालं. राज्याला नवी विधानसभा आणि सरकार मिळेपर्यंत जून उजाडला. पुढे १९९४ च्या बोम्मई निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संसदेच्या दोन्ही सभागृहांची मान्यता मिळेपर्यंत राष्ट्रपतींनी विधानसभा विसर्जित करू नये. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्रात राष्ट्रपती राजवट आली तेव्हा विधानसभा निलंबित ठेवली होती, विसर्जित केली नव्हती. म्हणूनच २३ तारखेला पहाटे राजवट उठली आणि सरकार स्थापन होऊ शकलं. पण बिहार विधानसभेचं २००५ सालचं विसर्जन न्यायालयाने त्याच वर्षी घटनाबाह्य ठरवूनही ती विधानसभा परत आली नाही. तोवर नव्या निवडणुकीची प्रक्रिया सुरू झाली होती. साखर आटवून परत मिळते, सभागृह मिळत नाही.

लग्नाचं थोडक्यात: हिंदू विवाह कायद्यातही १९५५ पासून न्यायालय विवाह ‘डिझॉल्व्ह’ करतं, आणि मुलांचा ताबा, पोटगी, घर हे सगळं त्यानंतरही चालूच राहतं. भागीदारीबद्दल १९३२ चा कायदा अधिक स्पष्ट आहे. पेढीचं विसर्जन झालं तरी जाहीर नोटीस देईपर्यंत भागीदारांची जबाबदारी सुटत नाही, आणि हिशेब मिटवताना आधी बाहेरच्यांची देणी, मग भागीदारांनी दिलेलं कर्ज, मग भांडवल. डच कायदा याहून एक पाऊल पुढे जातो: विसर्जित झालेली कंपनी तिचे व्यवहार मिटेपर्यंत अस्तित्वात राहते आणि नावापुढे ‘विसर्जनाधीन’ असं लावावं लागतं. मात्र मालमत्ताच नसेल तर कंपनी त्याच दिवशी संपू शकते. कर्जं मागे ठेवून अशा कंपन्या अचानक नाहीशा होऊ लागल्या, तेव्हा नोव्हेंबर २०२३ पासून तिथे संचालकांना जमाखर्च जाहीर करणं आणि देणेकऱ्यांना कळवणं सक्तीचं झालं. देणेकऱ्याला तरी किमान कळावं की त्याचे पैसे कशात विरघळले.

सगळ्यांत मोठी डच कंपनी, संयुक्त ईस्ट इंडिया कंपनी, अशीच संपली. १७९६ साली बटाव्हियन प्रजासत्ताकाने ती ताब्यात घेतली आणि १७९९ च्या अखेरीस तिची सनद संपली. तिची कर्जं राज्याच्या माथी आली. तिचे कागद मात्र राहिले, आणि त्यांचा मोठा साठा हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. वेंगुर्ल्याला या कंपनीची वखार होती. तिथल्या डच व्यापाऱ्यांनी सतराव्या शतकात विजापूर, शिवाजी महाराज आणि कोकणातल्या घडामोडींबद्दल पाठवलेली पत्रं मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना आजही कामी येतात. वखारीच्या भिंती वेंगुर्ल्यात ढासळल्या आहेत, आणि तिथे काय पाहिलं ते मात्र झूटरमेरपासून पाव तासाच्या अंतरावर वाचता येतं. तरुण मराठी अभ्यासकांनी डच शिकून ते वाचावं, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

गावं आणि राज्यंही विरघळतात. १९३५ साली शेजारची झेखवार्ट नगरपालिका संपून झूटरमेरमध्ये मिळाली. आपल्याकडे औंध संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झालं आणि कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी. औंधची गोष्ट मला अधिक लागते. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ साली गावपंचायतींच्या पायावर उभी राज्यघटना दिली होती. विलीनीकरण अटळ होतं आणि योग्यही होतं, पण त्या प्रयोगाचा अनुभव मोठ्या प्रांतात कुठेच सापडला नाही. औंधच्या टेकडीवर संग्रहालय उरलं.

आणि माणसं. परदेशी गेलेल्या कुटुंबाबद्दल ‘ते तिकडचेच झाले’ असं आपण म्हणतो. एकोजीराजांबरोबर १६७० च्या दशकात तंजावरला गेलेली मराठी माणसं आजही तंजावरी मराठी बोलतात, तमिळचे शब्द आणि ढंग पोटात घेऊन. कोकणातले बेने इस्राएल इस्राएलला गेले आणि तिथे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढलं. १८७३ ते १९१६ या काळात भारतातून सुमारे ३४ हजार माणसं करारबद्ध मजूर म्हणून सुरीनामला नेली. भोजपुरी, अवधी अशा बोलींतून तिथे सारनामी ही त्यांची भाषा घडली, आणि १९७५ च्या आसपास त्यांची नातवंडं-पतवंडं ती घेऊन हेग आणि झूटरमेरमध्ये आली. हे सगळे आपापल्या नव्या देशाचे पक्के नागरिक झाले. झूटरमेरच्या मराठी घरातला मुलगा मित्रांशी डचमध्ये भांडतो आणि आजीशी फोनवर मराठीत बोलतो. त्याची मराठी पुढच्या पिढीपर्यंत पोचेल की नाही हे फोनच्या दोन्ही टोकांना किती वेळ दिला जातो त्यावर आहे.